नकारपत्राचे अर्थकारण

व्हिसा नाकारला गेलेल्या माणसाच्या वाट्याला आपल्या समाजात सहानुभूतीपेक्षा संशयच अधिक येतो. ‘कागदपत्रांत काहीतरी घोळ असणार,’ असे शेजारी म्हणतात आणि काही दिवसांनी तो स्वतःही तसेच मानू लागतो. कोविडच्या साथीत ज्यांना नकार मिळाला, त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या बाबतीत हा समज निखालस अन्यायाचा होता. तरीही सल्ल्याच्या बाजाराने त्यांना विकला तो स्वतःचा दोष सुधारण्याचा उपाय.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. २२ जून २०२० च्या घोषणापत्राने अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी, एल आदी वर्गांच्या नव्या व्हिसांना स्थगिती दिली. कारण रोगाचे नव्हते, बेकारीचे होते. साथीने ओढवलेल्या मंदीचे खापर परदेशी श्रमिकाच्या माथी फुटले. ही स्थगिती ३१ मार्च २०२१ रोजी संपते न संपते तोच, ४ मेपासून अध्यक्ष बायडेन यांनी भारतातून येणाऱ्या परकीयांना प्रवेशबंदी केली. आता कारण रोगाचे होते, पण अमेरिकी नागरिक आणि कायम निवासी यांना बंदीतून सूट होती. विषाणू पारपत्र पाहून बाधा करतो, हे वैद्यकशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात? (आपणही फार फुशारकी मारू नये. १३ मार्च २०२० पासून आपल्या सरकारनेही बहुतेक सारे व्हिसा स्थगित केले होते.)

अशा वेळी दारी आलेल्या अशिलाला प्रामाणिक सल्लागाराने प्रथम एवढेच सांगावयास हवे होते, की हातातील कागद नीट वाचा. बंदी राष्ट्रावर असेल, तर आपण सूट मिळालेल्या वर्गात बसतो का, हे पाहावे. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २०२१ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना सूट होती. सूट नसेल तर थांबावे. कलम २२१-जी असेल, तर बहुधा कागद अपुरे आहेत किंवा चौकशी चालू आहे. तो शेवटचा शब्द नव्हे. कलम २१४-बी असेल, तर मात्र प्रकरण निराळे आहे.

या २१४-बीपाशी थोडे थांबले पाहिजे. १९५२ चा हा कायदा येणारा प्रत्येक पाहुणा कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरतो आणि ते खोटे ठरविण्याचा भार अर्जदारावर टाकतो. मायदेशी परतण्याची खात्री कशावरून पटावयाची? स्थिर नोकरी, घरदार, शिल्लक यांवरून. म्हणजे ही हेतूची परीक्षा म्हणवते, पण असते मालमत्तेची. आणि साथीने नेमके हेच पुरावे खाल्ले. ज्याची नोकरी टाळेबंदीत गेली, ज्याचे दुकान बंद पडले, त्याच्या आपत्तीचाच त्याच्या हेतूविरुद्ध पुरावा झाला. या निर्णयावर अपील नाही.

अशा माणसाला ‘पुन्हा अर्ज करा’ म्हणणारा सल्लागार त्याच्याकडून सोडतीचे तिकीट घेववतो. तेव्हा अमेरिकेचे पर्यटक आणि विद्यार्थी व्हिसाचे शुल्क १६० डॉलर होते, जून २०२३ पासून ते १८५ झाले. नकार मिळाला तरी ते परत मिळत नाही. परिस्थिती बदलली नसेल, तर दुसरा अर्ज म्हणजे दुसरे शुल्क, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून घातक सल्ला म्हणजे आधीचा नकार लपविण्याचा किंवा उसनी शिल्लक दाखविण्याचा. खोटे विधान उघडकीस आले, तर जन्मभराची प्रवेशबंदी येऊ शकते. ती भोगावयाची अशिलाने, सल्लागाराची फी तोवर पचलेली असते.

सार्वभौम राष्ट्राने कोणाला घरात घ्यावे हा त्याचा प्रश्न, असे यावर सांगितले जाईल. पण युरोपातील शेंगेन राष्ट्रे काही कमी सार्वभौम नाहीत. त्यांच्या २००९ च्या व्हिसा संहितेत कारण लेखी कळविण्याची आणि अपिलाची तरतूद आहेच. ब्रिटनमध्ये नातलगांना भेटावयास जाणाऱ्यांना अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो २०१३ मध्ये काढून घेण्यात आला. अमेरिकेत तर बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना व्याख्यानांसाठी प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांना बोलावणारे प्राध्यापक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७२ मध्ये न्यायालयाने सरकारच्या कारणामागे डोकावण्यास नकार दिला. कॉम्रेड मँडेल निदान आपल्या विचारांसाठी नाकारले गेले. आमच्या मुलांना तेवढाही मान नाही.

भांडवलाला मात्र असल्या दारात ताटकळावे लागत नाही. लशींवरील पेटंटचे निर्बंध शिथिल करा, अशी मागणी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केली; त्यावर पातळ केलेला निर्णय होण्यास १७ जून २०२२ उजाडला. दरम्यान जुलै २०२१ मध्ये युरोपीय संघाचे लस प्रमाणपत्र आले, तेव्हा युरोपातील अ‍ॅस्ट्राझेनेका त्यात होती आणि तीच लस पुण्यात बनली की ती सर्वत्र आपोआप ग्राह्य धरली जात नव्हती. एकेका देशाच्या मर्जीवर ते सोडलेले होते.

जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. व्हिस्की आणि मोटारींवरील जकातीसाठी त्यात वर्षानुवर्षे घासाघीस झाली. पुढच्या करारात एवढीच घासाघीस लेखी कारणासाठी, अपिलाच्या हक्कासाठी आणि सरकारी स्थगितीमुळे वाया गेलेल्या शुल्काच्या परताव्यासाठी करा, अशी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरली पाहिजे.