मुलीचे खाते आणि आईचे मन

पानिपत हा शब्द मराठीत स्थलनामापेक्षा वाक्प्रचार म्हणूनच अधिक वापरला जातो. एखाद्याचा पुरता पराभव झाला की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण सहज म्हणतो. 14 जानेवारी 1761 चा तो दिवस अशा रीतीने आपल्या बोलण्यात टिकून आहे. आजचे पानिपत मात्र हातमागाचे, सतरंज्यांचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून विणलेल्या ब्लँकेटांचे शहर आहे. सार्वजनिक आरोग्याच्या संदर्भातही या शहराचे नाव नोंदले गेले आहे. 22 जानेवारी 2015 रोजी पंतप्रधानांनी 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' या मोहिमेचा प्रारंभ येथे केला आणि त्याच दिवशी, याच शहरात, सुकन्या समृद्धी खाते योजनाही सुरू झाली. या शहरात बँकेचे काम करणाऱ्यास या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

मोहिमेसाठी हरियाणाची निवड का झाली, हे उघड आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे या राज्यात केवळ 834 मुली होत्या. देशातील सर्व राज्यांत हा नीचांक होता. आपल्याकडील वाचकाला येथे 'तिकडची माणसे तशीच' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात ही संख्या 807 होती आणि संपूर्ण महाराष्ट्राची संख्या दहा वर्षांत 913 वरून 894 वर घसरली होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, 1988 साली, कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती! 2012 मध्ये परळी येथे बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा मुलाच्या हव्यासाची किंमत आईच्या प्राणांनीही मोजली जाते हे महाराष्ट्राने पाहिले. हरियाणात त्यानंतर सुधारणा निश्चित झाली. जन्मनोंदणीनुसार 2014 मध्ये दर हजार मुलग्यांमागे 871 मुली जन्मल्या होत्या, 2019 मध्ये हा आकडा 923 झाला; मात्र 2024 मध्ये तो 910 वर आला.

या सर्व चर्चेत मुलीची मोजणी होते. तिला जन्म देणारी आई मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही, आणि माझ्या मते आरोग्याचा प्रश्न नेमका तेथेच अडतो.

हरियाणात मुलगा झाला की थाळी वाजवितात आणि बाळंतिणीला वाजतगाजत नेऊन 'कुआँपूजन' करतात. अलीकडे काही कुटुंबे मुलीच्या जन्मानंतरही हा सोहळा आवर्जून करतात, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, एवढाच भेद, असे आपण मानतो. पण बाजेवर पडलेल्या बाळंतिणीला मिठाईच्या पुड्यावरून घराचे मत कळतेच. दुसरी मुलगी झालेल्या सुनेच्या खोलीत डिंकाचे लाडू पोहोचतात खरे. ते कोणत्या चेहऱ्याने ठेवले जातात, यावर बरेच काही अवलंबून असते.

ही केवळ भावनेची बाब नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 270 स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी सुमारे 23 टक्के माता नैराश्याने ग्रस्त असल्याचे आढळले. गरिबी आणि पतीशी बेबनाव ही महत्त्वाची कारणे होतीच. शिवाय मुलगा झाला की मुलगी, यावरही मातेची मनःस्थिती अवलंबून होती. मारहाण आणि उपासमार यांचा परिणामही त्यानुसार कमी-अधिक होत होता. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. नैराश्यग्रस्त मातांची बालके सहाव्या महिन्यात वजनाने मागे पडण्याचे प्रमाण इतर बालकांच्या दुपटीहून अधिक होते. खिन्न आईचे स्वतःच्या खाण्याकडे लक्ष नसते, स्तनपान विस्कळीत होते, बाळाचे रडणे तिच्यापर्यंत उशिरा पोहोचते. कुपोषणाच्या तक्त्यात जे वजन म्हणून उमटते, त्याची सुरुवात अशा रीतीने सासरच्या एखाद्या वाक्यातून झालेली असू शकते.

त्यात शरीरही साथ देत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हरियाणातील 15 ते 49 वयोगटातील 60 टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. दूधतुपासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशातील हा आकडा आहे, हे विसरता येत नाही. घरात अन्न असणे आणि ते सुनेच्या ताटात येणे यांत अंतर असते.

शासनाने पैशाचा मार्ग अवलंबिला, तो योग्यच होता. पण त्याची मर्यादाही हरियाणानेच दाखविली. 1994 साली तेथे 'अपनी बेटी अपना धन' ही योजना सुरू झाली. मुलीच्या नावे रोखे घेतले जात आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत अविवाहित राहिल्यास 25,000 रुपये मिळत. पुढे झालेल्या मूल्यमापनात असे दिसले की मुलींच्या शिक्षणास काहीशी मदत झाली, परंतु विवाहाचे वय लक्षणीय वाढले नाही. अनेक पालकांनी ती रक्कम लग्नखर्चाची तरतूद मानली होती. पैसा मुलीच्या नावे होता, विचार जुनाच होता.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत आता दुसरे अपत्य मुलगी असल्यास मातेला 6,000 रुपये मिळतात. ही रक्कम थेट तिच्या खात्यात जमा होते. आता आमच्या काउंटरवरचे चित्र पाहावे. खातेदार महिला घुंघट सावरून एका बाजूला उभी असते. प्रश्न विचारला की उत्तर पती किंवा दीर देतो. मोबाइल क्रमांक त्याचा, पासबुक त्याच्या खिशात. रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो तोही त्यालाच. तिला फक्त अंगठा किंवा सही विचारली जाते. बाळंतपणानंतर स्वतःसाठी दूध, फळे किंवा औषध आणावे असे तिला वाटले, तरी आपल्या नावे पैसे आले आहेत हेच तिला ठाऊक नसते!

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. खाते उघडताना प्रश्न खातेदार महिलेलाच विचारावा आणि उत्तरासाठी क्षणभर थांबावे. तिचा स्वतःचा मोबाइल असेल तर तोच क्रमांक नोंदवावा. पासबुक तिच्या हाती द्यावे आणि शिल्लक तिला वाचून दाखवावी. यास दोन मिनिटे अधिक लागतात. मागची रांग कुरकुरते, हेही मान्य आहे. आरोग्य खात्याकडे असे दोन मिनिटांचे साधन आमच्यापेक्षा मोठे आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाचे वजन करताना आईला झोप लागते का, रडू येते का, हेही तिने तितक्याच आस्थेने विचारावे. तसे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला तिला मिळावा, असे मला वाटते.

2015 मध्ये नवव्या वर्षी सुकन्या खाते उघडलेल्या मुली आता सज्ञान झाल्या आहेत. नियमानुसार त्यांचे खाते त्यांनी स्वतः चालवावयाचे असते आणि उच्च शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. या मुली शाखेत येतात तेव्हा बहुधा वडील सोबत असतात. आईलाही घेऊन यावे, अशी आमची त्यांना विनंती असते.