खरवड

रविवारी दुपारपासून बर्फ पडत होता. ईरी सरोवरावरून सुटणाऱ्या वाऱ्याचा क्लीव्हलँडमध्ये काही भरवसा नाही. सकाळी ऊन, आणि चारच्या सुमाराला दारातली गाडी गायब. बायको मुलीकडे गेलेली. अशा दिवशी साताऱ्याच्या माणसाला पिठलं-भात आठवावा. मला आठवला सॉल्सबरी स्टेक.

नावात स्टेक असला तरी हा बीफच्या खिम्याचा लांबट, चपटा गोळा. तपकिरी ग्रेव्हीत मुरलेला आणि शेजारी कुस्करलेल्या बटाट्याचा ढीग. इथल्या माझ्या वयाच्या लोकांना तो शाळेच्या कँटीनमुळे आठवतो, नाहीतर टीव्हीसमोर बसून खाल्लेल्या, खणांच्या ॲल्युमिनियमच्या ताटल्यांमुळे. मला आठवतो तो १९८६च्या हिवाळ्यातला, घरमालकीणबाईंनी केलेला. त्या ‘हॅम्बर्गर स्टेक’ म्हणाल्या. मी घाबरत विचारलं, “हॅम म्हणजे डुक्कर ना?” “छे, गाय!” त्यांनी मला धीर दिला. आमच्या घरी मटणसुद्धा रविवारीच व्हायचं, तेही वेगळ्या पातेल्यात. पण बाहेर पाणी गोठत होतं आणि पोटात सकाळचे दोन पाव. खाल्लं. आईला पत्रात लिहिलं, ‘जेवणाची सोय झाली.’

ज्यांचं नाव या पदार्थाला मिळालं ते डॉ. जेम्स सॉल्सबरी याच क्लीव्हलँडमध्ये डॉक्टरकी करत. यादवी युद्धातल्या सैनिकांचे जुलाब थांबवता थांबवता त्यांचं मत झालं की भाज्या आणि पिठूळ पदार्थ पोटात आंबतात आणि रोग करतात. १८८८ साली पुस्तक लिहून त्यांनी पथ्य सांगितलं : दिवसातून तीनदा बीफचा खिमा आणि जेवणाआधी गरम पाणी. आज त्यांच्या त्या औषधात पावाचा चुरा, वर मैद्याची ग्रेव्ही आणि बाजूला बटाटा! ताट पाहून डॉक्टर उठूनच गेले असते.

खिमा घ्यायचा एक पाउंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम; वीस टक्के चरबीचा. तब्येतीला जपून कमी चरबीचा घेतला की गोळे चिवट होतात. त्यात दुधात भिजवलेला पावाचा चुरा, एक अंडं, किसलेला कांदा, वूस्टर सॉस, मोहरीची पूड, मीठ, मिरी. हलक्या हाताने एकत्र करायचं, कणकेसारखं तिंबायचं नाही. बिडाच्या तव्यात दोन्ही बाजू खरपूस झाल्या की गोळे काढून ठेवायचे.

१९८६च्या त्या दिवशी बाईंचं काम इथवर आल्यावर मी मदत म्हणून तवा उचलला आणि घासायला निघालो. बाईंनी मनगटच धरलं. “अरे, चव तर त्यातच आहे!” त्यांनी त्याच तव्यात लोणी घातलं, कांदा-मश्रूम परतले, बीफचा स्टॉक ओतला आणि तळाची काळपट खरवड उलथन्याने सोडवली. मग झाकणाच्या बरणीत थंड पाणी आणि दोन चमचे मैदा घालून ती खुळखुळवली आणि धार धरली. मी बघतच राहिलो. आई बेसन असंच गार पाण्यात कालवते, बोटांनी एकेक गुठळी मोडत. गोळे परत ग्रेव्हीत गेले, झाकण पडलं. दहा-बारा मिनिटांत घरभर वास. त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणा राहिलो नाही.

१९९४ साली आई आली, तेव्हा बाईंनी हौसेने जेवायला बोलावलं. आईसाठी वेगळ्या पातेल्यात मटार-बटाटा. आई ओट्याशी उभी राहून बरणीचा खुळखुळाट बघत होती. “बाई हुशार आहे,” ती मला म्हणाली, “गुठळी होऊ देत नाही.” परतताना गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हिनेच जेवू घातलं ना तुला त्या वर्षी? काय घातलं ते मला सांगू नकोस. पण पुढच्या वेळी येईन तेव्हा हिला साडी आणते.”

रविवारी मी एकट्यानेच जेवलो. बटाटा कुस्करायचा कंटाळा आला म्हणून भात लावला होता. शेवटी पावाच्या तुकड्याने तवा निपटला. घासायला फारसं काही उरलं नाही.