सहावे बोट, ग्रहण आणि आईचा दोष



काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक आजी, त्यांच्या सूनबाई आणि नातू आमच्या कार्यालयात आले. मुलाने उजवा हात खिशातून काढला नव्हता. नाव लिहून दाखव म्हटल्यावर हात बाहेर आला. अंगठ्याला लागून आणखी एक छोटा अंगठा होता. आम्ही काही विचारले नव्हते, तरी आजी म्हणाल्या, "हिनं ग्रहण पाळलं नाही हो सर, भाजी चिरत बसली. आता पोर भोगतंय." सूनबाईंनी मान खाली घातली. आम्ही फॉर्म वाचत राहिलो. पंचवीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही त्या वेळी आम्ही गप्प बसलो, हे अजून मनाला टोचते. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आज लिहीत आहोत.

आम्ही बी.एस्सी. केले ते हिंदी माध्यमातून. त्या पुस्तकांत 'जीन' म्हणजे माळेतला मणी असायचा. एक मणी, एक गुण. जीनला मराठीत जनुक म्हणतात हेही आम्हाला इथे शिकवायला लागल्यावर कळले. मेंडेलचे वाटाणे त्या माळेत नीट बसत. हात मात्र बसत नाही, कारण हाताचे असे एक जनुक नाही. अनेक जनुके वेळ आणि जागा सांभाळून एकमेकांना निरोप देतात, तेव्हा हात घडतो.

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाच्या कुशीवर मोगऱ्याच्या कळीसारखे बारीक उंचवटे दिसू लागतात. त्या कळीच्या आतल्या पेशी 'एफजीएफ-१०' नावाचे प्रथिन सोडतात. त्यामुळे वरच्या त्वचेची टोकाशी एक जाड कड तयार होते. ती कड उलट 'एफजीएफ-८' पाठवते आणि आतल्या पेशींना वाढत ठेवते. दोघींपैकी एकीने निरोप थांबवला की वाढ थांबते. ज्या उंदरांत एफजीएफ-१० चे जनुकच काढून टाकले, ती पिल्ले पायांविना जन्मली. त्याआधी, १९४८ साली, अमेरिकेत जॉन सॉन्डर्स यांनी कोंबडीच्या गर्भाच्या पंखकळीची कड कापून पाहिली होती. पंख अर्धवट राहिला. कड जितकी लवकर कापावी, तितका तो खांद्याजवळच थांबे.

आता अंगठा कुठे आणि करंगळी कुठे, हे कोण ठरवते? कळीच्या करंगळीकडच्या बाजूला पेशींचा एक छोटा गट असतो. सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी १९६८ साली हा गट उचलून समोरच्या बाजूला लावला, तेव्हा आरशातल्या प्रतिबिंबासारखी बोटांची दुसरी जोडी उगवली. त्या पेशी जे प्रथिन सोडतात त्याचे जनुक १९९३ साली सापडले. त्याचे नाव 'सॉनिक हेजहॉग', म्हणजे व्हिडिओ गेममधला तो निळा साळिंदर! मुलांना हे नाव एकदा सांगावे, पुन्हा विसरत नाहीत. या जनुकाचा आणि टोकाच्या कडेचा निरोपही दोन्हीकडून चालतो. शेवटी वल्ह्यासारख्या चपट्या पंजात बोटांमधल्या पेशी मरून जातात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून त्याला पडदा राहतो.

त्या मुलाच्या अंगठ्याशी या गोष्टीचा संबंध आता येतो. सॉनिक हेजहॉगला हातापायांत चालू करणारी एक कळ आहे. ती या जनुकापासून डीएनएच्या सुमारे दहा लाख अक्षरांवर आहे. तिच्यातले एकच अक्षर बदलले तरी ते जनुक चुकीच्या जागी, अंगठ्याच्या बाजूलाही, चालू होऊ शकते आणि तिथे जादा बोट येते. अनेक कुटुंबांत हेच कारण सापडले आहे. हेमिंग्वे या लेखकाच्या घरच्या जादा बोटांच्या मांजरांतही हीच कळ बदललेली निघाली. सापाची ही कळ तर निकामीच झालेली आहे. २०१६ साली उंदरात तिच्या जागी सापाची कळ बसवली, तेव्हा त्या उंदरांचे पाय वाढलेच नाहीत. जादा बोटाची इतर कारणेही आहेत. करंगळीकडच्या बोटाला वेगळी जनुके जबाबदार असू शकतात.

आता ग्रहणाचा हिशोब मांडू. आठव्या आठवड्याच्या शेवटी बोटे सुटी झालेली असतात. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशोबाने हा दहावा आठवडा. आपल्या घरांत ग्रहण कडक पाळले जाते ते बहुधा पोट दिसू लागल्यावर, पाचव्या-सातव्या महिन्यात. त्या वेळी भाजी चिरली काय आणि न चिरली काय, बोटांची मोजणी केव्हाच संपलेली असते. शिवाय ग्रहण साऱ्या गावाला एकदम लागते. जादा बोट मात्र एखाद्याच घरी दिसते, पुष्कळदा त्याच घरात पिढ्यान् पिढ्या, आणि ते वडिलांकडूनही येते. मग मान फक्त सुनेनेच का खाली घालावी?

बाहेरच्या गोष्टींचा गर्भावर परिणाम होतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. १९५७ पासून युरोपात 'थॅलिडोमाइड' हे औषध गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. अनेकांचे हात-पाय आखूड होते. दोष त्या आयांचा नव्हता, त्यांनी विश्वासाने गोळी घेतली होती. म्हणून पथ्य पाळायचे तर हे पाळा: पहिल्या महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध नको. ग्रहणात ज्यांना स्नान-जप करायचा त्यांनी जरूर करावा, पण गरोदर बाईला तासन् तास अन्नपाण्यावाचून बसवू नये.

सहावे बोट म्हणजे शापही नाही आणि लक्ष्मीही नाही. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही, आणि अडचण झालीच तर शस्त्रक्रिया होते. हृतिक रोशनच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत, हे मुलांना आमच्याआधी ठाऊक असते.

शिक्षकांना आमची विनंती आहे, की आनुवंशिकतेचा धडा वाटाण्यांवर संपवू नका. हात कसा घडतो तेही फळ्यावर काढून दाखवा. आणि आजी-आजोबांना हात जोडून सांगणे, की सुनेला बोल लावण्याआधी आपल्याही घराण्यातली बोटे एकदा मोजा. त्या मुलाच्या आईला त्या दिवशी आम्ही एक वाक्य म्हणायला हवे होते, "ताई, यात तुमचा काही दोष नाही." हा अंक त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर ते वाक्य आज त्यांनी आमच्याकडून स्वीकारावे.