पेशंटची नोंद ठेवता, स्वतःचीही ठेवा

आमच्या दिघीत घरटी एक माणूस भोसरी नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत असतो. त्यामुळे चार्जशीट, डोमेस्टिक इन्क्वायरी, स्टँडिंग ऑर्डर हे शब्द इथे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. साहेब तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणाला, तरी दुसऱ्या दिवशी गेटवर हजर राहायचं आणि जे सांगायचं ते लेखी दे म्हणायचं, हे आयटीआयमधून नुकतं बाहेर पडलेलं पोरगंही जाणतं. पण त्याच घरातली मुलगी किंवा सून नर्स असेल आणि तिला मेमो मिळाला, तर सगळं घर एका सुरात सांगतं, ‘माफी मागून मोकळी हो. हॉस्पिटल आहे ते, वाद कशाला?’

मध्यंतरी आमच्या सोसायटीतली एक सिस्टर अशीच घाबरून आली. खासगी हॉस्पिटल, नाइट ड्युटी, अख्ख्या वॉर्डाला ती आणि एक मावशी. एका आजोबांचं सलाईन आऊट झालं, हात सुजला आणि नातेवाइकांनी गोंधळ घातला. सकाळी तिच्यापुढे कागद आला : ‘माझ्या हलगर्जीपणामुळे हे घडले. पुन्हा असे होणार नाही.’ खाली सहीपुरती जागा. ‘काका, सही केली नाही तर एक्सपिरियन्स लेटर देणार नाही म्हणतात,’ ती म्हणाली.

मी बरीच वर्षं युनियनचं काम केलंय. असा कागद साधा दिसतो, पण फाइलला लागला की त्याचा कबुलीजबाब होतो. उद्या काढून टाकायचं ठरलं, तर चौकशी कशाला हवी? बाईंनीच लिहून दिलंय. मी तिला विचारलं, वॉर्डात पेशंट किती होते? तेवीस. आणखी माणूस मागितलं होतं का? ‘सुपरवायझर मॅडमना दोनदा फोन केला.’ कुठे लिहिलंय? ती गप्प. तासातासाला बीपी, पल्स, लघवीचं प्रमाण टिपणारी ही मुलगी. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, हे तिला नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच शिकवलेलं. स्वतःच्या बाबतीत मात्र कोरी पाटी!

साध्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डाला पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि आयसीयूत एकास एक, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. तेवीस रुग्ण एकीवर सोपवले तो निर्णय कुणाचा, हा प्रश्न माफीनाम्यात येतच नाही.

सरकारी दवाखान्यातही वेगळं नाही. 9 जानेवारी 2021ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला आयसीयू पेटला आणि 11 रुग्ण दगावले. अग्निसुरक्षेतल्या त्रुटी दोन्हीकडे समोर आल्या. डॉक्टर-अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, तशी परिचारिकांवरही झाली. काही निलंबित झाल्या, काहींची सेवा समाप्त झाली, नगरमध्ये तर तिघींना अटक झाली. ड्युटीवर कोण होतं हे रोस्टर बघून पाच मिनिटांत कळतं. वायरिंग आणि अग्निशमनाच्या फायली कुठे अडकल्या होत्या, हे शोधायला मात्र महिने जातात.

आता कायद्याचं. बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली रुग्णालयंही ‘उद्योगा’त बसवली. महाराष्ट्राने 1971च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथांची यादीच दिली : खोट्या आरोपात गोवून काढणं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवणं, किरकोळ चुकीसाठी घाईघाईने घरी पाठवणं. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही यादी आहे. 300 किंवा अधिक कामगार असतील तिथे निलंबनाच्या पहिल्या 90 दिवसांत निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो आणि चौकशीही साधारण तेवढ्यातच संपवायची असते. दंड लावायचा तर आधी बाजू ऐकायची आणि तोही महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपुढे नाही, असं वेतन संहिता सांगते. एक मेख आहे. धर्मादाय सेवा करणाऱ्या संस्थांना नव्या व्याख्येतून वगळलंय. तेव्हा हॉस्पिटल ट्रस्टचं असेल, तर वकिलाला पहिल्यांदा हेच विचारा.

बाकी वाट कंपनीतल्या कामगाराचीच. मेमो घ्यायचा, पण सही करताना ‘मिळाला, मजकूर मान्य नाही’ असं तारखेसह लिहायचं. उत्तराला मुदत मागायची. केसपेपर, रोस्टर, हँडओव्हर बुकाच्या प्रती लेखी मागायच्या. उत्तरात घडलं तेवढंच, वेळेनिशी लिहायचं आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची. चौकशी लागली तर साक्षीदारांची उलटतपासणी मागायची. राजीनामा रागात किंवा रडत कधीच द्यायचा नाही. काढून टाकलंच, तर कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातल्या कार्यालयात लवकर जायचं. दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी प्रकरण हातात घेत नाही.

आमच्या सिस्टरने एक पानाचं उत्तर दिलं. पेशंट किती, फोन किती वाजता केले, सूज दिसताच सलाईन काढून डॉक्टरांना कळवलं ते कधी, सगळं त्यात आलं. फोनच्या वेळा मोबाइलमधल्या कॉल लॉगवरून मिळाल्या. माफीनाम्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

नर्सच्या हातून चूक होतच नाही, असं माझं म्हणणं नाही. झाली तर चौकशी व्हावी, शिक्षाही व्हावी. पण नोकरीच्या भीतीने लिहून घेतलेल्या माफीने आजोबांचा हात का सुजला ते कळत नाही. आणि चूक कबूल केली की नोकरी जाते असं दिसलं, की पुढची सिस्टर चूक लपवते. त्याची किंमत मग खाटेवरचा पेशंट मोजतो. म्हणून नर्सला न्यायाने वागवा, हे मागणं तिच्या घरच्यांइतकंच तिच्या पेशंटच्या नातेवाइकांनीही करायला हवं.