मावळा भाड्याने मिळेल

ट्रॅडिशनल डेचं मेल आलं की आमच्या मजल्यावर किमान चार मावळे तयार होतात. चौघांचे अंगरखे सॅटिनचे, गळ्याशी सोनेरी लेस, कमरेला भगवा शेला, डोक्यावर आयता शिवलेला फेटा, कपाळावर चंद्रकोर आणि पायात (हमखास!) स्पोर्ट्स शूज. ह्यातल्या एकाला विचारा, "बाबा रे, तू नक्की कोण?" उत्तर येतं, "मावळा!" कुठल्या गावचा? कोणत्या सालचा? कोणाच्या हाताखाली? की चेहरा कोरा.

आता तुम्ही म्हणाल, दोन तासांची मजा आहे, शिवण कशाला मोजत बसतोस, भावना बघ. मला हे 'भावना बघ' प्रकरणच खटकतं. ज्या माणसाबद्दल एवढी भावना आहे, त्याच्या अंगावर खरोखर काय होतं हे शोधायला पाच मिनिटं नाहीत? लायब्ररीचं व्हर्जन तपासल्याशिवाय बिल्ड न लावणारी हीच मंडळी बरं का.

अमेरिकेत अठराव्या शतकातल्या सरहद्दीवरचा माणूस बनण्याचा एक छंद आहे. लोक शनिवार-रविवारी जंगलात तंबू ठोकून राहतात. त्यात किल्ट घालायची हौस असलेले पुष्कळ. पण तिथे आधी 'पर्सोना' ठरवावा लागतो: साल, गाव, धंदा. १७५८ साली टिकोंडेरोगाला लढलेल्या ४२व्या हायलँड पलटणीचा शिपाई म्हणालात तर किल्ट चालेल. पण झाडं तोडून शेती करणारा साधा स्कॉटिश वसाहतवाला म्हणालात, की लगेच कोणीतरी विचारणार, ह्याच्याकडे किल्ट आला कुठून आणि तो काट्याकुट्यांत घालेल कशाला? वाद घालतात अगदी बटणांवरूनसुद्धा. वेडे आहेत, पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

किल्टची गोष्टही मजेदार. मुळात तो शिवलेला नव्हताच. लांबच्या लांब लोकरी कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं, रात्री तेच पांघरायचं. (घोंगडी आठवली ना? मलाही.) आजचा आखूड किल्ट १७२० च्या दशकाच्या आसपास थॉमस रॉलिन्सन ह्या लोखंडाच्या भट्टीवाल्या इंग्रजाने कामगारांच्या सोयीसाठी काढला असं सांगतात. १७४६ च्या कायद्याने सरकारने हायलँडच्या पोशाखावर बंदी आणली, सूट फक्त सैन्याला. ती उठली १७८२ मध्ये. म्हणजे जो वेश बंडखोरांचा म्हणून गुन्हा ठरला, तोच सरकारी पगारावरच्या शिपायांनी साम्राज्याच्या सरहद्दींवर मिरवला. ह्या हायलँड पलटणी आपल्याकडेही आल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत वेलस्लीच्या सैन्यात ७४वी आणि ७८वी अशा दोन होत्या. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना टार्टन नेसवून उभं केलं, आणि किल्ट 'अनादी काळापासूनचा' होऊन बसला. आपला सॅटिनचा मावळा त्याच रस्त्याला लागलाय. फक्त आपल्याकडे राजाऐवजी टीव्ही सिरियल आली.

गंमत म्हणजे खऱ्या मावळ्याच्या कपड्यांचं एक वर्णन लिहून ठेवलंय तेही एका स्कॉटिश माणसानेच. जेम्स ग्रँट डफ, जन्म स्कॉटलंडातल्या बॅन्फचा, मराठ्यांचा इतिहास छापला १८२६ मध्ये. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मावळे आणि हेटकरी ह्या पायदळाचा पोशाख म्हणजे अर्ध्या मांडीपर्यंतची चड्डी, कमरेला घट्ट गुंडाळलेला लांब पट्टा, डोक्याला पागोटं, आणि कधीमधी सुती अंगरखा. कमरेभोवतीचं आणखी एक कापड लागलं तर शालीसारखं अंगावर घ्यायचं. सोनेरी लेस कुठेच नाही! ह्या उघड्या मांड्यांच्या माणसांनी किल्ले घेतले. त्यांना सॅटिनमध्ये गुंडाळणं म्हणजे त्यांच्या गरिबीची लाज वाटण्यासारखंच आहे. मला चीड येते ती ह्याची.

आमच्या अष्टमीला तर आणखी घोळ. मावळ म्हणजे घाटावरची खोरी. अष्टमी खाली कोकणात, कुंडलिकेच्या काठी, पलीकडे रोहा. नदी पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे चौलला १७४० पर्यंत पोर्तुगीज, दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेला मुंबईचे इंग्रज, आणि मध्ये आंग्रे. रोह्याजवळचा अवचितगड बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहात कान्होजींकडे राहिला. म्हणजे सरहद्दच सरहद्द आहे इथे! तरी मिरवणुकीत पोरं उभी राहतात ती घाट उतरून आलेल्या पाहुण्यासारखी, मावळा म्हणून. १७२५ सालचा आंग्र्यांच्या गलबतावरचा खलाशी कोणाला सुचत नाही.

आणि मोहल्ल्यातली पोरं कडेला उभी राहून बघतात. त्यांना कोणी 'तूही हो' म्हणत नाही, कारण भाड्याच्या ड्रेसमध्ये त्यांची जागाच नाही. इतिहासात होती की. १६७९ मध्ये खांदेरीसाठी इंग्रजांशी झुंज झाली ती मायनाक भंडारी आणि दौलतखान ह्या दोघांच्या आरमाराने दिली. दुकानवाल्याकडे दौलतखानाचा ड्रेस मागून बघा एकदा, तो तुमच्याकडे कसा बघतो ते मला कळवा.

तेव्हा येत्या ट्रॅडिशनल डेला मी आंग्र्यांचा खलाशी होऊन जायचं म्हणतोय. अर्धी चड्डी, डोक्याला मुंडासं, कमरेला एक जाडंभरडं कापड. एकूण खर्च सॅटिनच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी. अडचण एकच. आमच्या एचआरच्या पॉलिसीत शॉर्ट्स बसत नाहीत, मेल टाकलंय, उत्तर यायचंय.