आधी पालकांना दाखवा

जुलै २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील आश्रमशाळेतल्या एका मुलीने तक्रार केली की, पाळी आली म्हणून तिला वृक्षारोपण करू दिले नाही. बातम्या आल्या आणि विषय मागे पडला.

नाशिकच्या आईवडिलांना शाळा मुलांना वयात येण्याबद्दल काय सांगणार, ही धास्ती वाटते. ती हसण्यावारी नेऊ नये. पण पाळी दहाव्या वर्षीही येते. तेव्हा मुलगी चौथी-पाचवीत असते. दुकानदार पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो, शेजारी उभी असलेली लेक ते पाहते. तिचा पहिला धडा तिथेच होतो. मुलग्यांकडे तर कुणाचेच लक्ष नाही. आवाज फुटला की घरात थट्टा. रात्री ओली झालेली चड्डी मुलगा गुपचूप धुतो आणि आपल्याला काही आजार झाला, या भीतीत महिनोन्‌महिने काढतो.

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये लैंगिक शिक्षणासाठी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्याच महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतले लैंगिक शिक्षण विरोधापुढे नमून थांबवले. ती चूक होती. शाळांनी या विषयाच्या वर्गाआधी पालकसभा घ्यावी, चित्रे आणि मजकूर समोर ठेवावा, डॉक्टरांना बोलवावे. आणि त्या सभेला वडिलांनीही यावे.