वेताळाचीं चित्रें

सुटींत सांगलीहून आमचा नातू साताऱ्यास आला, आणि माळ्यावरची जुनी पेटी उघडून त्यानें 'इंद्रजाल'चे फाटके मराठी अंक बाहेर काढले. इंग्रजी शाळेंत जाणारा, मराठी वाचावयास टाळाटाळ करणारा हा मुलगा दुपारभर अक्षरें लावून वेताळ वाचीत बसला. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाच्या पेटींत हीं पुस्तकें कशीं, असें वाचक विचारतील. खरें सांगावयाचें तर, हे अंक आम्हीं वर्गांत विद्यार्थ्यांकडून काढून घेतलेले होते. ते परत करावयाचे राहिले, आणि पुढें आम्हीच ते चोरून वाचूं लागलों!

अमेरिकेंतील लेखक ली फॉक ह्यांनीं ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वर्तमानपत्रांत सुरू केली. ती आजही चालू आहे. आपल्याकडे मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल' निघालें, तें १९९० पर्यंत चाललें. आणि मूळच्या 'फँटम'ला आपलें घरचें नांव मिळालें. वेतालपंचविंशतींतला वेताळ राजाची परीक्षा पाहतो. हा अरण्यांत राहून दुर्बळांचें रक्षण करितो. १५३६ सालीं चांच्यांनीं पित्यास मारिलें, तेव्हां पुत्रानें कवटीवर हात ठेवून शपथ वाहिली. तेव्हांपासून बापामागून मुलगा तोच वेष घेत आला आहे, सांप्रतचा एकविसावा. लोकांस मात्र तो एकच व अमर वाटतो. येथें अमरत्व देहास नाहीं, व्रतास आहे. एकत्र कुटुंबांत हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

साय बॅरी ह्या चित्रकारानें १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ हीं चित्रें काढिलीं. नायकाच्या मुखवट्यांत बुबुळेंच दिसत नाहींत. तेव्हां क्रोध काय आणि करुणा काय, मान, खांदे आणि मूठ ह्यांवरूनच दाखवावयाची. एका चौकटींत मूठ उगारलेली, दुसरींत गुंड आडवा. मधला प्रहार वाचकाच्या मनांत घडतो. साहित्यशास्त्रांत जिला व्यंजना म्हणतात, तिचा हा सोपा पाठच होय. चित्रांनीं कथा सांगणें आपल्या प्रांतांत कोणीं हलकें मानिलें नाहीं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचें चित्ररामायण १९१६ सालींच निघालें होतें.

एक वैगुण्य मात्र आहे. नातवानें अंक मिटून विचारिलें, "आजोबा, त्या जंगलांतल्या लोकांना स्वतःचें रक्षण करतां येत नाहीं का? दर वेळीं गोरा माणूसच कां लागतो?" परक्या सत्तेखालीं राहिलेल्या देशांत हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पण ज्याला हा प्रश्न सुचतो, त्याच्या हातांतून पुस्तक हिसकावण्याचें कारण उरत नाहीं, एवढें कळलें. वर्गांत आम्हीं कोणास विचारूंच दिलें नव्हतें.

कित्येक अंकांवर मुलांचीं नांवें आहेत. तीं मुलें आतां पन्नाशीच्या घरांत असतील. नातवाकडून यादी करवून घेत आहोंत. ज्याचा अंक त्यास पोंचता करावयाचा आहे. अर्थात्, नातवाचें वाचून झाल्यावर!